कोपराखाली, मनगटावर
(तृतीय वर्ष, कला)

दंड म्हणजे कुठला भाग ते लहान मुलालाही ठाऊक असते. कोपर ठाऊक असते, मनगट ठाऊक असते. तळहात, पंजा, करंगळी, अगदी नखाखालच्या जिव्हाळीपर्यंत प्रत्येक जागेला मराठीने नाव दिले आहे. पण कोपरापासून मनगटापर्यंतचा जो भाग, त्याला आपण काय म्हणतो? मी घरी विचारले, आळीत विचारले, वर्गात मैत्रिणींना विचारले. कुणी 'हात' म्हणाले, कुणी 'पुढचा हात' म्हणाले, आणि एकीने बराच वेळ आढ्याकडे पाहून 'मनगटाच्या वरचं ते' असे उत्तर दिले. पायाच्या त्याच जागेला पोटरी आणि नडगी अशी दोन-दोन नावे, आणि हाताच्या वाट्याला एकही नाही! पाठ्यपुस्तकात 'अग्रबाहू' आहे, संस्कृतात 'प्रकोष्ठ' आहे. परंतु 'माझा प्रकोष्ठ दुखतोय हो' असे म्हणत कोणी डॉक्टरांकडे गेल्याचे ऐकिवात नाही. जुन्या मापात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक हात. म्हणजे मोजायला ही जागा चालते, हाक मारायला नाही.

२०२४ सालच्या जुलै महिन्यापर्यंत मलाही या बिननावाच्या जागेशी काही कर्तव्य नव्हते.

आमचे घर कसबा पेठेत, तांबट आळीत. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. तांब्याची भांडी घडवणे हा पिढीजात धंदा. एके काळी घरात लग्न निघाले की बंब, घंगाळ, हंडा, कळशी यांसाठी लोक आमच्या आळीची वाट धरत. मग ॲल्युमिनियम आले, स्टेनलेस स्टील आले, गीझर आला, आणि बंब माळ्यावर गेले. आता थोडीच घरे ठोकण्याचे काम करतात. गिऱ्हाईकही बदलले; तांब्या-पेल्यांबरोबर ते दिव्यांच्या छत्र्या आणि फुलदाण्या मागते. "हातोड्याला काय, बंबावर पडला काय नि फुलदाणीवर पडला काय," असे अण्णा म्हणतात. अण्णा म्हणजे माझे वडील.

परक्या माणसाला आमची आळी आधी ऐकू येते, मग दिसते. तो आवाज मठारण्याचा. भांड्याला आकार आला की ते आम्लाने आणि चिंचेने उजळायचे, मग लोखंडी दांड्याच्या टोकावर पालथे धरायचे आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने त्याच्यावर एकाला एक लागून ठोके घालायचे. डावा हात भांडे फिरवतो, उजवा ठोकतो. प्रत्येक ठोक्याची एक लहानशी वाटोळी खूण उमटते, आणि अशा खुणांच्या ओळीच्या ओळी बुडापासून गळ्यापर्यंत चढत जातात. त्याने तांब्याला लकाकी येते हे सगळ्यांना दिसते; ठोक्यांनी धातू घट्ट होऊन भांडे कणखर बनते हे हातात धरल्यावर कळते. तापवले की तांबे मऊ पडते, ठोकले की कडक होते. एवढ्या दोन वाक्यांवर आमच्या घराने पिढ्या काढल्या. ठोका जोरात पडून चालत नाही, हलका पडून चालत नाही, आणि संध्याकाळचा शेवटचा ठोका सकाळच्या पहिल्यासारखाच पडावा लागतो. आपण जसे अक्षर ओळखतो तसे आळीतले जुने लोक मठारकाम पाहून ते कुणाच्या हातचे हे सांगतात. अण्णांचे तर मीदेखील सांगू शकते.

तर त्या जुलैत, पालख्या पुण्याहून पुढे गेल्या त्याच आठवड्यात, अण्णा माल पोचवून परत येत होते. पावसाची बुरबुर चालू होती. चिखलात स्कूटर घसरली. लागले फारसे नाही, खरचटलेही नाही. फक्त उजव्या दंडाचे हाड मधोमध मोडले.

हाड मोडणे ही आमच्या घरात नवी गोष्ट नव्हती. आजोबांचे पायाचे मोडले होते, काकांचे गळ्याजवळचे मोडले होते. म्हणून इस्पितळात पोचेपर्यंत मी रडले नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मान हलवली आणि मग हाडाकडे दुर्लक्ष करून एक विचित्र गोष्ट सांगितली : "काका, जरा मनगट वर उचला बघू." अण्णांनी उचलले नाही. "बोटं सरळ करा." केली नाहीत. मला वाटले, दुखत असेल. पण अण्णांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा वेगळेच काही होते. ते आपल्या पंजाकडे पाहत होते आणि पंजा कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा खाली लोंबत होता.

डॉक्टरांनी आम्हाला कागदावर काढून दाखवले. दंडाच्या हाडाला मागून तिरका वेढा घालून एक मज्जातंतू खाली उतरतो, त्याला रेडिअल नर्व्ह म्हणतात. हाड नेमके तिथेच मोडले की तो ताणला जातो किंवा चेपतो. हाताला मागे वळवणारे, बोटे उघडणारे सगळे स्नायू त्याच्या हुकमतीत. तो बंद पडला की ते सगळे गप्प. "तुटलेला नसावा. बहुतेकांचा आपोआप परत येतो. वाट पाहायची."

"किती?" आईने विचारले.

"तीन-चार महिन्यांत काहीतरी दिसायला हवं."

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "हातोडा?" डॉक्टर हातोडा म्हणजे काय समजले कोण जाणे. "जड काही उचलायचं नाही," म्हणाले.

माझी मावसबहीण वैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. ती त्याच रविवारी तिचा पहिल्या वर्षाचा पसारा, म्हणजे जाडजूड पुस्तके आणि प्लॅस्टिकच्या हाडांची पिशवी, घेऊन आली. "तुला सगळं समजावून सांगते, म्हणजे तू घरच्यांना नको ते सांगणार नाहीस," असा तिचा विचार. मी कलाशाखेची, शास्त्राशी माझे दहावीनंतर बोलणे बंद झालेले. पण त्या दुपारी ताईने माझा हात धरून जे दाखवले ते मी एखादी रहस्यकथा ऐकावी तसे ऐकले.

कोपराखाली दोन हाडे. करंगळीच्या बाजूचे जागचे फारसे हलत नाही. अंगठ्याच्या बाजूचे त्याच्यावरून फिरते. तळहात वर करून तीर्थ घेतो तेव्हा दोन्ही समांतर असतात; तोच तळहात पालथा केला की एक दुसऱ्यावर तिरके पडते. किल्ली फिरवणे, लाटणे धरणे, भांडे पालथे घालणे, सारे या एका युक्तीवर. आणि या दोन हाडांभोवती स्नायू किती? वीस. पुढच्या बाजूला आठ, मागच्या बाजूला बारा. पुढचे बहुतेक मिटणारे, मागचे बहुतेक उघडणारे. मिटणाऱ्यांचा गठ्ठा कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून निघतो, उघडणाऱ्यांचा बाहेरच्या.

"आता बोटांचे स्नायू दाखव," मी म्हटले.

"बोटांत स्नायू नसतातच," ताई म्हणाली.

मला हे पटेना. तिने माझा हात टेबलावर ठेवला आणि एकेक बोट हलवायला लावले. खरोखरच, बोट हलते तिकडे आणि मांस हलते इकडे, कोपराच्या जवळ! बोटांत नुसत्या दोऱ्या. कळसूत्री बाहुलीची बोटे आपल्याला आहेत, आणि सूत्रधार कोपराखाली बसला आहे. तळहातात काही छोटे स्नायू आहेत, नाजूक कामे ते करतात. पण मूठ वळण्याचा खरा दम वरून येतो. दोन मिटणारे स्नायू एकावर एक आहेत. वरच्याची दोरी प्रत्येक बोटात दुभागते आणि त्या फटीतून खालच्याची दोरी पार टोकाला जाते. हे ऐकल्यावर मी अर्धा तास नुसती बोटे मिटत-उघडत बसले होते. आई म्हणाली, "अभ्यास नाही वाटतं?"

आणि मनगट! मराठी माणूस मनगटावर केवढा भार टाकतो. मनगटातला जोर, मनगटातली रग, मनगटाच्या बळावर राज्य मिळवले, मनगटाच्या बळावर संसार केला. ताईच्या हाडांत मनगट म्हणजे आठ लहान खडे, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या दोऱ्या. एकही मोठा स्नायू तिथे फुगत नाही. मनगटातला सगळा जोर त्या बिननावाच्या जागेत राहतो. राबायचे एकाने आणि नाव व्हायचे शेजाऱ्याचे, असा प्रकार. (हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "दुकानदार आणि तांबट, तसंच की.")

पण मला छळणारा प्रश्न वेगळा होता. मिटणाऱ्या स्नायूंची नस निराळी. ती शाबूत होती. मग अण्णांना मूठ तरी घट्ट का वळता येत नव्हती? साधा पेलासुद्धा निसटत होता. ताईने एक प्रयोग करायला लावला, तो वाचकांनीही करून पाहावा. मनगट शक्य तेवढे आत, तळहाताच्या बाजूला दुमडा, आणि आता मूठ आवळा. आवळत नाही. बोटे अर्धी मिटतात आणि दमतात. आता मनगट जरासे मागे घ्या. मूठ आपोआप पक्की होते. दोरी सैल असली की ओढणाऱ्याचे बळ वाया जाते. ती ताणून धरण्याचे काम मागच्या स्नायूंचे. हातोडा धरतात पुढचे, पण पुढच्यांना उभे राहायला जमीन देतात मागचे. आपण इतके दिवस मूठ म्हणजे मिटणे समजत होतो; मिटण्यासाठी उघडणाऱ्यांची एवढी गरज असते हे मला त्या दिवशी कळले, आणि हातोड्याचा प्रश्न डॉक्टरांना का समजला नव्हता आणि अण्णांना का समजला होता, तेही कळले. अण्णांना या कशाचीही नावे ठाऊक नव्हती. त्यांना फक्त हे ठाऊक होते की ठोका घातल्यावर हातोडा उसळी घेतो, आणि ती उसळी झेलणारे हाताच्या मागल्या अंगाला काहीतरी असते.

ताई जाताना एक पुस्तक ठेवून गेली : 'ग्रेज ॲनाटमी'च्या जुन्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. मी ते चाळू लागले ते चित्रांसाठी. हाताचे स्नायू एकावर एक थर उचलून दाखवलेले, आणि प्रत्येक स्नायूचे नाव त्याच्याच अंगावर लिहिलेले. पुस्तक १८५८ साली लंडनला निघाले. मजकूर हेन्री ग्रे यांचा. चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर नावाच्या दुसऱ्या तरुण डॉक्टराची. ग्रे १८६१ साली देवी येऊन चौतिसाव्या वर्षी गेले, पण नाव राहिले. कार्टरना चित्रांबद्दल एकरकमी दीडशे पौंड मिळाले आणि पुढच्या आवृत्त्यांचा छदामही नाही. मग ते कुठे गेले असतील? पुस्तक निघाले त्याच वर्षी ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले, आणि पुढे काही वर्षे चक्क आपल्या साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. तिथल्या तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. महारोग, पायाला होणारा मदुरा रोग, उलटून येणारा ताप, यांवर त्यांनी या मुलखात संशोधन केले आणि १८८८ साली ते निवृत्त झाले. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ज्याच्या चित्रावरून हात पाठ केला, तो माणूस साताऱ्याच्या रस्त्यांवरून हिंडत होता. आमच्या आळीत तो आला असता तर त्याला पाहण्यासारखे पुष्कळ हात होते, असे मला उगीच वाटून गेले.

एका पुस्तकाने दुसऱ्याची वाट दाखवली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सुश्रुतसंहितेचे भाषांतर मिळाले. त्यातले शारीरस्थान उघडले. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, आणि मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत एकेक थर पाहावा, असे तिथे सांगितले आहे. पेशी एकूण पाचशे. त्यांतल्या चारशे हातापायांत. पायाचा हिशेब दिला आहे : बोटांत इतक्या, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वीस, मांडीत वीस, वगैरे, आणि मग म्हटले आहे की हातांचेही असेच समजावे. घोटा-गुडघा म्हणजे हातात मनगट-कोपर. म्हणजे वीस!

मी पुस्तक तसेच उघडे घेऊन ग्रंथालयातून ताईला फोन करायला बाहेर पळाले. ताई शांतपणे म्हणाली, "बोटांत किती सांगितल्यात?" प्रत्येक बोटात तीन. "आणि बोटांत स्नायू असतात का?" नसतात. वीसचा आकडा जुळला तो योगायोगाने, बहुधा. सुश्रुताच्या मोजण्याची रीतच निराळी, त्याची पेशी म्हणजे आजचा स्नायू असे धरून चालत नाही. माझा उत्साह थोडा ओसरला. पण अगदी गेला नाही. आकडा चुकीचा असेना का, वाहत्या पाण्याशी सात रात्री धीर धरून बसणारा आणि कुंच्याने एकेक थर उलगडणारा माणूस मला आवडला.

असो. पुस्तकात हात समजत होता आणि घरात तो लोंबतच होता. दंडाला आधी प्लास्टर, मग आवळपट्टा. मनगट वर धरून ठेवणारी एक पट्टी, स्प्लिंट म्हणतात ती. अण्णा पट्टी बांधून ओट्यावर बसत. काका आणि चुलतभाऊ काम रेटत होते. काकांचा हात चांगला आहे, पण वेगळा आहे. घेतलेल्या मागणीतले काही नग काकांनी मठारून दिले तेव्हा अण्णांनी ते हातात फिरवून पाहिले आणि "छान झालंय" म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हा शब्द त्याआधी कधी ऐकला नव्हता. आपल्या कामाला त्यांनी कधी छान म्हटले नाही आणि दुसऱ्याच्या तर नाहीच. चुकले असेल तेवढे दाखवायचे. त्या 'छान'ने मला इस्पितळापेक्षा जास्त भीती घातली.

गणपती आले. ७ सप्टेंबरला घरचा गणपती बसला. आरतीला अण्णा नेहमी झांज वाजवीत. या वेळी टाळ्यासुद्धा नाहीत. पण तीर्थ घेताना त्यांनी उजवा हात पुढे केला, डाव्याचा आधार दिला, आणि क्षणभर मला वाटले, बरा झाला की! तळहात वर, मनगट सरळ, पंजा नेहमीसारखा. मी आईला खूण केली. मग त्यांनी हात पालथा केला आणि पंजा पुन्हा पडला. नंतर ताईने सांगितले : तळहात वर करण्याचे काम दंडाचा मोठा स्नायूही करतो, त्याची नस वेगळी, आणि तळहात वर असला की वजनानेच पंजा मागे पडून सरळ दिसतो. घेताना हात धड दिसायचा, देताना पांगळा. अण्णांना ही गोष्ट आधीच कळलेली असावी. कारण त्या दहा दिवसांत घरी आलेल्या पाहुण्यांसमोर ते सारखा तळहात वर करून, मांडीवर ठेवून बसत.

त्याच सुमारास डॉक्टरांनी दुसरा मार्गही सांगून ठेवला. सहा महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर उसनवारी करता येते. पुढच्या बाजूच्या स्नायूंपैकी ज्याच्यावाचून भागेल अशाची दोरी सोडवून मागच्या दोरीला जोडायची. मग मिटणारा स्नायू उघडण्याचे काम शिकतो. यात एक बारीकसा स्नायू अंगठ्यासाठी कामी येतो. तो काही माणसांना मुळात नसतोच, आणि नसला तरी काही अडत नाही. आहे की नाही पाहायचे असेल तर अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडे आत घ्या. मधोमध एक दोरी ताठ उभी राहिली तर आहे. अण्णांना आहे. मला डाव्या हातात आहे, उजव्यात नाही. मी वर्गात सगळ्यांचे हात तपासत सुटले. तासाला शेवटच्या बाकावर चाललेला हा प्रकार पाहून आमच्या बाईंनी विचारले तेव्हा त्यांचाही हात तपासला. त्यांना दोन्हीकडे आहे, हे येथे नोंदवून ठेवते.

अण्णांनी उसनवारीचे ऐकून घेतले. म्हणाले, "भांड्याला दुसऱ्या भांड्याचा कान लावला तरी चालतं. पण लावलेला कान कळतो." मग बराच वेळ गप्प राहून : "लागला तर लावू."

ताईने मला एक हिशेब सांगितला होता. इजा झालेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मोडलेल्या जागेपासून पहिल्या स्नायूपर्यंत अंतर चार बोटांहून थोडे जास्त, शंभरेक मिलिमीटर. म्हणजे शंभर दिवस. मी कॅलेंडरवर मोजले. दसरा येत होता. हे मी कोणाला बोलले नाही. असा हिशेब शरीर पाळतेच असे नाही, हे ताईने बजावले होते.

पहिला जागा होणारा स्नायू कोणता तेही ठरलेले असते. तो कोपराच्या थोडा वरून निघून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत जातो. हातात पेला धरल्यासारखा अंगठा वर ठेवून कोपर वाकवा आणि दुसऱ्या हाताने ते वाकणे अडवा. कोपराखाली जो कणा उभा राहतो तो हाच. मी रोज संध्याकाळी अण्णांचा हात असा धरून बघत असे. दंडाचा स्नायू वाकवायचे काम करी, हात वाकेही. पण तो कणा काही उठत नसे. अण्णा माझ्या समाधानासाठी हात देत. दुसरीकडे बघत.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. हातोडे, लोखंडी दांडे, कात्र्या, सगळे धुऊन पुसून पाटावर मांडतात, झेंडूची फुले वाहतात. अण्णांचा मठारण्याचा हातोडा तीन महिने भिंतीला टेकून होता. त्याच्या तोंडावर बारीक गंज धरला होता. तो पाहून ते काकांवर ओरडले. अपघातानंतर पहिल्यांदा ओरडले. स्वतः डाव्या हाताने तोंड घासून लख्ख केले, पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले. सगळे उठून गेल्यावर मी म्हटले, "अण्णा, हात द्या." त्यांनी दिला. मी मनगट धरून अडवले. "वाकवा." आणि कोपराखाली, कातडीच्या आत, काहीतरी सरकले.

मी काही बोलले नाही. पुन्हा वाकवा म्हटले. पुन्हा सरकले. पाण्याखालून मासा वळतो तेव्हा पृष्ठभाग जेवढा हलतो, तेवढेच. अण्णा या वेळी दुसरीकडे बघत नव्हते. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्या जागेवर ठेवला. आम्ही दोघे किती वेळ तसे बसलो होतो सांगता येत नाही. आईने आत पाने वाढल्याचे दोनदा ओरडून सांगितले एवढे आठवते.

त्यानंतरचे सगळे हळूहळू, आणि ताईच्या पुस्तकातल्या क्रमाने झाले. दिवाळीत मनगट गुडघ्यावरून बोटभर उचलू लागले. संक्रांतीला बोटे उघडू लागली. तिळगूळ अण्णांनी उजव्या हाताने दिला, निम्मा सांडला. सर्वांत शेवटी अंगठा. अंगठा वर ताठ केला की त्याच्या बुडाशी दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. इंग्रजी पुस्तकात त्याला तपकिरीच्या डबीचे नाव आहे. आमचे आजोबा खरोखरच तिथे तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, आणि पुस्तक त्यांनी पाहिलेले नव्हते. अण्णांच्या हाताला त्याच भागात महिनोन् महिने बधिरपणा होता. तो खळगा अजून पुरता पडत नाही.

मधल्या काळात एक दुपारी, घरात कोणी नसताना, मी स्वतः दांड्यापाशी बसले. आमच्या घरात बायकांनी भांडी उजळायची, पुसायची. हातोडा धरायचा नाही असा काही नियम नाही, पण धरलाही नाही कुणी. एक फुटका पेला घेतला आणि ठोकू लागले. पहिले दहा ठोके बरे पडले. मग कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी आग सुरू झाली, ती मागच्या बाजूने मनगटाकडे उतरली, आणि हातोडा बोटांत फिरू लागला. वीसच्या वीस मला एकेक करून ओळखता येत होते. नावे पाठ होती. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. खुणा एकमेकींवर चढलेल्या, कडेला भोक पडायचे बाकी. रात्री अण्णांना तो पेला दिसला. त्यांनी उजेडात धरून फिरवला. मी वाट पाहत होते की 'छान' म्हणतात काय.

"हे काय केलंयस?" ते म्हणाले. "कोपर अंगाशी नको धरू. आणि मूठ एवढी कशाला आवळतेस? सोड जरा."

मला इतका आनंद झाला होता की पुढचे मी नीट ऐकले नाही.

फेब्रुवारीत, २०२५ च्या, डॉक्टरांनी हलके काम करायला परवानगी दिली. अण्णांनी मोठ्या हातोड्याला हात लावला नाही. लहान घेतला, आणि लहानसा पेला. मी कॉलेजला निघाले होते, चप्पल घालून दारात थांबले. ठोके सुरू झाले. सात-आठ पडायचे, मग खंड. पुन्हा सात-आठ, पुन्हा खंड. समोरच्या घरातले आजोबा जन्मभर ठोकून ठोकून कानांनी अधू झालेले. तेही ओट्यावर येऊन उभे राहिले आणि अण्णांच्या हाताकडे बघू लागले.

मागच्या बोळात उंबराचे एक झाड आहे. थंडी सरता सरता त्यावर एक तांबट पक्षी येऊन बसतो. कपाळ लाल, अंगाने हिरवा, पानांत दिसत नाही. दिवसभर टुक् टुक् टुक् चाललेले असते, म्हणून तर त्याला हे नाव. अण्णा हातोडा मांडीवर ठेवून थांबले होते आणि तो मात्र चालला होता, एकसारखा.

"बघ त्याचा हात," अण्णा म्हणाले, "अजून एक चुकला नाही." आणि त्यांनी पेला बोटभर फिरवून पुढचा ठोका घातला.